न दुखणारी जागा

माझी वहिनी नर्स आहे आणि तिचा हात हलका आहे. यातलं पहिलं मी सांगते, दुसरं सगळी गल्ली सांगते. सुट्टीच्या दिवशी सकाळी दारात कोणीतरी उभं असतंच. हातात डॉक्टरची चिठ्ठी, औषधाची बाटली आणि चेहऱ्यावर ओशाळं हसू. "सिस्टर, तेवढं इंजेक्शन देता का? तुमचं टोचलेलं कळत नाही." वहिनी कढई गॅसवरून उतरवते, हात धुते, देते. समोरचा डोळे घट्ट मिटून विचारतो, "टोचलं का?" वहिनी म्हणते, "मघाशीच. आवडलं असेल तर अजून एक देते." ही कोटी मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता मीच तिच्या आधी म्हणून टाकते.

नणंदेनं वहिनीचं उगाच कौतुक करत बसू नये, ते कोणाला खरंही वाटत नाही. म्हणून आधी तिचे दोष. ती घरातही हॉस्पिटलच्या आवाजात बोलते. "पडा. श्वास घ्या. हलू नका." दादाला चष्मा शोधून देतानासुद्धा हाच सूर. तिला वाटतं आपलंच बरोबर आहे, आणि वैताग असा की बहुतेक वेळा तिचंच बरोबर असतं. एरवी मला नावानं हाक मारते, पण टोमणा मारायचा असला की मी एकदम 'वन्सं' होते. 'काय वन्सं, आज वाट चुकलात?' असं ऐकू आलं की मी समजते, मागच्या आठवड्यात यायला हवं होतं.

तिचं काम मी जवळून पाहिलं ते माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी. मला तिच्याच वॉर्डात खाट मिळाली होती. सकाळी न्याहारीच्या आधी इन्सुलिनची फेरी असायची. वहिनी ट्रॉली घेऊन यायची आणि आधी दाराकडे बघायची. "ट्रे आले का?" खाण्याचे ट्रे आल्याशिवाय ती सुईला हात लावत नसे. "औषध एकदा आत गेलं की ते जेवणाची वाट बघत बसत नाही," असं नव्या मुलींना सांगायची. एका मुलीनं फ्रीजमधून काढलेली बाटली तशीच पुढे केली, तर म्हणाली, "तुला झोपेतून उठवून गार पाण्यात ढकललं तर चालेल का? मग त्यांना का?" गढूळ दिसणारं औषध ती तळहातांमध्ये अलगद घोळवायची, खळखळ हलवू द्यायची नाही. दट्ट्या दाबून झाला तरी सुई लगेच काढायची नाही, तशीच धरून मनातल्या मनात दहा म्हणायची. ओठ हलायचे. शेजारच्या खाटेवरच्या आजींना वाटायचं, सिस्टर आपल्यासाठी देवाचं म्हणतात. त्याही हात जोडायच्या.

आणि प्रत्येकाला न चुकता एक प्रश्न. "काल कुठे दिलं होतं?" काल पोटाला उजवीकडे, तर आज डावीकडे. काल वर, तर आज खाली. रोज त्याच जागी टोचायचं नाही. हे तिनं मला, आजींना, झाडणाऱ्या बाईंना आणि बहुधा भिंतीलाही सांगून झालं होतं. पुढे जे झालं ते ऐकताना हे ध्यानात असू द्या.

आता आमचे बाबा. बाबा जन्मभर शिंपीकाम करत आले. दुकानावर पाटी होती ती वेगळीच, पण लोक त्यांना 'परवा मास्तर' म्हणायचे. कारण कोणतंही गिऱ्हाईक कधीही आलं तरी उत्तर एकच, "परवा या." कपडा सुरेख शिवायचे, पण परवाच. घरातही तेच. फी भरायची आहे? परवा. खेळणं हवंय? परवा. मिळायचं मात्र नक्की. आई म्हणायची, यमदूत आले तर यांच्या तोंडून तेच निघणार, आणि ते बिचारे परत जाणार. झालं उलटंच, आई आधी गेली. बाबांनी दुकान बंद केलं, शिलाई मशीन घरात खिडकीपाशी आणून ठेवलं आणि दादा-वहिनीकडे राहू लागले.

साखर निघाली, गोळ्या झाल्या, गोळ्या पुरेनात, इन्सुलिन आलं. सारं आयुष्य सुई बोटात धरून काढलेला माणूस, पण इंजेक्शनची सुई बघून पांढरा पडला. "ती सुई कापडासाठी असते," म्हणाले. पहिल्या दिवशी वहिनीनं मांडीला दिलं तर 'ओय!' दुसऱ्या दिवशी दंडाला दिलं तर 'अगं आई!' तिसऱ्या दिवशी पोटाला उजवीकडे दिलं तर घरातल्या मांजरानं बाहेर उडी मारली. मग बेंबीच्या डावीकडे दिलं आणि बाबा गप्प. डोळे उघडून म्हणाले, "ही जागा चांगली आहे. आता इथून हलायचं नाही."

"बाबा, जागा बदलावी लागते."

"उद्या बदल."

उद्या आला की ते दुसऱ्या सगळ्या जागांवर हात ठेवून बसायचे, तेवढी एक डावीकडची उघडी ठेवून. वहिनीला सातची बस गाठायची असे. डबा भरायचा, दादाला उठवायचं, युनिफॉर्म चढवायचा. दोन दिवस वाद घातला, तिसऱ्या दिवशी तिनं विचार केला, म्हाताऱ्या माणसाला कशाला छळा, औषध पोटात जातंय ना. आणि गंमत म्हणजे जसजसे महिने गेले तसतसं बाबांना टोचलेलं अजिबात कळेना. मग काय, येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुक. "माझ्या सुनेचा हात म्हणजे काय सांगू! माशी बसल्याइतकंही कळत नाही." वहिनी वरून म्हणायची "पुरे हो बाबा," पण आतून तिला किती बरं वाटायचं ते माझ्यापासून लपलं नाही. बाबा कौतुकाच्या बाबतीत हात आखडूनच. आम्हा पोटच्या पोरांना जे मिळालं नाही ते सुनेला रोज सकाळी मिळत होतं. मला थोडा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात डोळे आले आडवे. दोन्हीकडे मोतीबिंदू. बाबांना चेहरे ओळखू यायचे, पण सुईचं भोक दिसेना. ते खिडकीपाशी मशीनवर बसायचे, दोरा जिभेवर ओला करायचे, पीळ द्यायचे, सुईच्या डावीउजवीकडून हवेत टोचत राहायचे. शेवटी हाक मारायची, "अगं, जरा एवढा दोरा ओवून दे." ही हाक मारताना त्यांचा आवाज इतका पडायचा की मला ऐकवत नसे. चाळीस वर्षं दुसऱ्यांना मापात बसवलेला माणूस, त्याला दोऱ्यासाठी हात पसरावा लागत होता. त्यांना एकच हवं होतं, ऑपरेशन व्हावं आणि आपला दोरा आपण ओवावा.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, करू की, पण आधी साखर खाली आणा. आणि साखर काही खाली येईना. तारीख मिळाली, रद्द झाली. डोस वाढवला. पुन्हा तारीख मिळाली, पुन्हा रद्द. पुन्हा डोस वाढवला. साखर मोजायच्या मशीनवरचा आकडा आपला तिथेच ठाण मांडून. घरचं खाणं वहिनी स्वतः मोजूनमापून द्यायची. मग घोडं पेंड कुठे खात होतं?

पेंड नव्हे, जॅम. फडताळातल्या जॅमच्या बाटलीतला जॅम दिवसेंदिवस खाली चालला होता. बिस्किटांचा डबाही हलका. घरात माणसं तीन. वहिनी दिवसभर हॉस्पिटलात, दादा कामावर, घरी कोण? सरळ हिशेब.

"बाबा, खरं सांगा," वहिनी म्हणाली.

"मी खाल्लं नाही."

"मशीन खोटं बोलत नाही हो."

"मग मी बोलतो का?"

मी त्या दिवशी तिथेच होते. माझी जीभ कुठली गप्प बसते. "बाबा, लहानपणी आम्ही खोटं बोललो तर तुम्ही टेपनं मारायचात," असं मी म्हणाले. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि ते शिलाई मशीनकडे तोंड करून बसले.

वहिनीनं कपाटाला कुलूप घातलं. जॅम, बिस्किटं, मध, इतकंच काय, साखरेचा डबाही आत. किल्ली युनिफॉर्मच्या खिशात, म्हणजे दिवसभर तिच्याबरोबर. दादाला हे कुलूप पसंत पडलं नाही. "म्हाताऱ्या माणसाला इतकं कशाला छळायचं," म्हणाला. आम्हाला वाटलं, बापाची माया.

त्यानंतर घरात सकाळचं कौतुक थांबलं. बाबा मुकाट्यानं शर्ट वर करायचे, वहिनी मुकाट्यानं टोचायची. आकडा तसाच. एक दिवस बाबांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मला तुझ्याकडे ने. तिथे निदान चोर म्हणून तरी राहायला नको." वहिनी दाराआड होती. तिनं ऐकलं. मला बस-थांब्यापर्यंत सोडायला आली. बस आल्यावर म्हणाली, "खाऊ देत गं हवं तर. पण मला खरं का सांगत नाहीत? त्यानं जीव जातो माझा."

पुढचं मला तिनंच नंतर सांगितलं. तिच्या हॉस्पिटलात नर्सेससाठी एक शिबिर झालं, विषय इन्सुलिन कसं द्यावं. शिकवायला बाहेरून एक बाई आल्या होत्या, वहिनीहून बऱ्याच लहान. वहिनी मागच्या बाकावर बसली, 'हे काय आता आम्हाला शिकवणार' अशा थाटात. बाईंनी प्रश्न विचारले. सगळ्यांनी शाळेतल्यासारखी एका सुरात उत्तरं दिली. चोळायचं का? नाही! सुई पुन्हा वापरायची का? नाही! जागा बदलायची का? रोज!

"वा," बाई म्हणाल्या. "आता सांगा, हे सगळं करतं कोण?"

एक हसली, दुसरी हसली, मग सगळा वर्ग हसला. कोणी म्हणालं, एका वॉर्डात चाळीस पेशंट, दहा मोजायला वेळ कुणाला. कोणी म्हणालं, पेशंटच पोट पुढे करून सांगतो, इथंच द्या. वहिनी हसली नाही. ती तर सगळं करत होती. वॉर्डात तिच्याकडे बोट दाखवायची कोणाची छाती नव्हती.

मग बाईंनी कापडाखाली झाकलेली एक गादीसारखी वस्तू टेबलावर ठेवली. शिकण्यासाठी केलेलं खोटं पोट. म्हणाल्या, डोळे मिटा आणि हातानं बघा. एकेक जण गेली. वहिनीची पाळी आली. तिनं डोळे मिटले, बोटं फिरवली. मऊ, मऊ, मऊ, आणि मग एका जागी मळून ठेवलेल्या पिठाचा गोळा असावा तसं काहीतरी घट्टसर, फुगीर.

"रोज एकाच जागी टोचलं की चरबीची अशी गाठ होते," बाई सांगत होत्या. "तिथे सुई कळत नाही, म्हणून पेशंट खूश. पण औषध तिथेच अडकून बसतं, रक्तात जायला हवं तितकं जात नाही. मग साखर उतरत नाही, आपण डोस वाढवतो, आणि पेशंटला म्हणतो, तुम्ही पथ्य मोडता."

वहिनीचा हात त्या गोळ्यावर तसाच राहिला. हा गोळा तिच्या ओळखीचा होता. रोज सकाळी ती चिमटीत धरत होती. बाबांचं पोट जरा सुटलंय एवढंच तिच्या डोक्यात येऊन गेलं होतं. रांगेतल्या मागच्या नर्सनं ढोसलं तेव्हा ती बाजूला झाली. मला सांगताना म्हणाली, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझ्याइतका कोरडा दगड त्या वर्गात दुसरा नव्हता."

संध्याकाळी घरी आली, हात धुतले आणि बाबांना म्हणाली, "शर्ट वर करा."

"सकाळी झालं ना?"

"करा हो."

तिनं बोटं फिरवली आणि तिथेच जमिनीवर बसली. बाबांना तिच्या डोळ्यांतलं पाणी दिसत नव्हतं, पण हुंदके ऐकू येत होते. "काय झालं? कॅन्सर आहे का?" बाबांनी विचारलं. या प्रश्नावर तिला हसू फुटलं, मग पुन्हा रडू आलं, आणि अशी दोन्हीची भेसळ करतच तिनं त्यांना सगळं सांगितलं. की साखर जॅमनं वाढली नव्हती. की तिनं आपल्या हातानं औषध अशा जागी दिलं जिथून ते पुढे जात नव्हतं. की बाबा खरं बोलत होते.

"मला माफ करा, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी शिलाई मशीनच्या चाकावर हात ठेवला. मग म्हणाले, "परवा ये."

दादा हसला. वहिनीला हसावं की काय करावं कळेना. परवा मास्तरांचं ते उत्तर थट्टेचं होतं की खरं, हे ती पुढे कितीतरी दिवस मला विचारत राहिली. मी त्यांची मुलगी, पण मलाही सांगता येईना.

तिनं साखरेच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, नवी जागा घ्या, पण डोस कमी करा, कारण आता औषध खरंच लागू होईल. आणि पहिले काही दिवस घरात कोणीतरी राहा. घाम आला, थरथर सुटली तर ताबडतोब काहीतरी गोड द्या. मी रजा टाकली आणि सकाळीच जाऊन हजर झाले. वहिनीनं बाबांना पोटाच्या उजव्या बाजूला इंजेक्शन दिलं.

"ओय!" बाबा ओरडले.

"लागलं ना? बरं झालं," वहिनी म्हणाली, आणि मला सूचनांचा पाढा वाचून दाखवून बसकडे पळाली.

आता बाबांचा हट्ट बघा. एवढं सगळं सिद्ध झालेलं असताना त्यांना स्वतः आणखी सिद्ध करायचं होतं. आकडा खाली आलाच पाहिजे म्हणून त्यांनी न्याहारीला दिलेल्या पावाचा अर्धा तुकडा खाल्ला आणि उरलेला माझी पाठ वळल्यावर मांजराला घातला. दुपार व्हायच्या आत मी पाहिलं तर बाबांच्या कपाळावर घामाचे थेंब. हात थरथरत होते. विचारलं तर भलतंच बोलायला लागले, "कोटाला अस्तर लावायचं राहिलंय, गिऱ्हाईक आलंय." मी बोटाला टोचून मशीनवर बघितलं. इतके महिने वर ठाण मांडून बसलेला आकडा पन्नाशीत उतरला होता.

गोड! मी स्वयंपाकघरात धावले. साखर? कपाटात. मध? कपाटात. बिस्किटं? कपाटात. कपाटाला कुलूप, आणि किल्ली शहराच्या दुसऱ्या टोकाला, वॉर्डातल्या ट्रॉलीपाशी उभ्या असलेल्या वहिनीच्या खिशात. मला सगळं सांगून गेलेली ही बाई किल्ली द्यायला विसरली होती. आणि मीही मागितली नव्हती. मी कुलूप ओढलं, कपाटाला लाथ मारली, मोठमोठ्यानं दादाला हाका मारल्या. दादा त्या दिवशी उशिरा कामावर जायचा होता म्हणून आंघोळीला गेलेला. तो अंगाला टॉवेल गुंडाळून बाहेर आला, बाबांकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे काही येऊन गेलं ते मी जन्मात विसरणार नाही. मग तो आतल्या खोलीत गेला, स्टूल ओढलं, माळ्यावरच्या आपल्या हत्यारांच्या पेटीत हात घातला आणि स्क्रू-ड्रायव्हर, पाने, वायरी बाजूला सारून जॅमची बाटली बाहेर काढली. अर्धी भरलेली. आत चमचासुद्धा होता.

जाब विचारायला तेवढा वेळ नव्हता. बाबा गिळताहेत ना एवढं बघितलं आणि चमच्या-चमच्यानं जॅम भरवला. बाबा लहान मुलासारखे तोंड उघडत होते. थोड्या वेळानं थरथर थांबली, घाम वाळला. पुन्हा मशीन लावलं, आकडा वर सरकला होता. माझा जीव भांड्यात पडला. बाबांनी ओठावरून जीभ फिरवली, इकडेतिकडे बघितलं आणि अगदी शुद्धीवरच्या आवाजात विचारलं, "हा जॅम कुठनं आला?"

दादा टॉवेल सावरत भिंतीला टेकून उभा होता.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," मी म्हणाले. आणि मग माझी जीभ जी सुटली, ती वहिनी घरी येईपर्यंत थांबली नाही. दादाचं म्हणणं, मला वाटलं बाबाही थोडं खात असतील, मी एकटाच नसेन. वहिनीनं हे सगळं ऐकून घेतलं. तिनं खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं, कुलूप दाराबाहेर फेकलं आणि साखरेचा डबा बाबांच्या हाताजवळ टेबलावर आणून ठेवला. "हा इथंच राहील," एवढंच म्हणाली. दादाला कितीतरी महिने सगळी भांडी घासावी लागली. ती त्यानं एकदाही कुरकुर न करता घासली, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःच फर्मान काढलं. "सुईचं काम असं अंदाजानं करतात का? टेप आण." टेप आली, कापडावर खुणा करायचा चपटा खडू आला. बाबा शर्ट वर करून बसले आणि वहिनीला सांगू लागले, बेंबीपासून दोन बोटं सोड, इथे रेघ मार, उभी, आता आडवी. पोटाचे चार कप्पे पडले. डाव्या बाजूच्या गाठीभोवती वेगळं गोल कुंपण, तिथे प्रवेश बंद. आठवडाभर एक कप्पा, त्यात रोज एक बोट पुढे, मग दुसरा कप्पा. आंघोळीत खडू पुसला की सकाळी पुन्हा आखणी. "आज कुठे?" वहिनीनं विचारायचं आणि बाबांनी टेप लावून सांगायचं, "वरचा उजवा, काजाच्या शेजारी." काज म्हणजे बेंबी. दुखायचं. बाबा 'ओय' म्हणायचे, मोठ्यानं आणि मजेत. मांजरही आता उडी मारेनासं झालं.

"एकाच जागी परतपरत सुई घातली की कापड मरतं," बाबा मला एकदा म्हणाले. "पोऱ्याला दुकानात बसवलं की पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मला हे ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. आणि दोघं मिळून आम्ही वर्षभर एकाच भोकात टाके घालत बसलो."

"मग माफ करून टाका की तिला," मी म्हणाले.

"परवा बघू," बाबा म्हणाले आणि मी कपाळाला हात लावला.

साखर हळूहळू उतरली आणि उतरलेली राहिली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तारीख दिली आणि या वेळी ती रद्द झाली नाही. उजवा डोळा आधी झाला. पट्टी निघाली, थेंब घालून झाले, काळा चष्मा काही दिवस चढला आणि उतरला. जवळचं बघायचा नवा चष्मा आला त्या संध्याकाळी आम्ही सगळे मुद्दाम घरी होतो. बाबा खिडकीपाशी जाऊन बसले. कोणाला हाक मारली नाही. डब्यातून सुई काढली, रिळावरचा दोरा तोडला, जिभेवर ओला केला, पीळ दिला. आम्ही सगळे दुसरीकडे बघत होतो, म्हणजे तसं दाखवत होतो. दोरा एकदा चुकला. दुसऱ्यांदा आत गेला. बाबांनी तो पलीकडून ओढून काढला आणि गाठ मारली. दादानं नाक शिंकरलं, उगाचच.

मग बाबांनी मान वर केली आणि बरंच काही निरखून बघितलं. भिंत रंगवायला झाली आहे म्हणाले. मला म्हणाले, तू म्हातारी झालीस गं. आणि मग त्यांची नजर खुंटीला लावलेल्या वहिनीच्या युनिफॉर्मवर गेली.

"याचा खिसा फाटलाय. कधीपासून?"

वहिनी दारात उभी होती. "बरेच दिवस झाले. किल्लीनं फाटला, बाबा."

"आण इकडे."

"राहू द्या हो, मी घालीन टाका."

"तू तुझी सुई सांभाळ. ही माझी आहे."

तिनं युनिफॉर्म आणून दिला. बाबांनी खिसा उलटा केला, भोकाच्या कडेनं बोट फिरवलं, आतून कापडाचा लहानसा तुकडा लावला आणि टाके घालायला लागले. बारीक, एकसारखे, पूर्वीसारखे. वेळ लागला. कोणी दिवा लावला, कोणी चहा ठेवला, पण खोलीतून कोणी हललं नाही. शेवटी त्यांनी दोरा दातानं तोडला, खिसा सुलटा करून अंगठ्यानं शिवण दाबली आणि युनिफॉर्म वहिनीच्या हातात दिला.

"घे," म्हणाले. "परवाचं काम आज झालं."

वहिनीनं युनिफॉर्म तोंडावर धरला आणि ती हमसून रडायला लागली. दादा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला, नेमकं काय झालं म्हणून. त्याला मी नंतर भांडी घासताना समजावून सांगितलं.